मासे सोडण्यापूर्वीं पाणी पिकवावें

२०१६ सालीं राज्य सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढली. तेव्हांपासून आमच्या कामठी तालुक्यांत, कन्हानच्या दोन्ही अंगांस, नवीं शेततळीं झालेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. तळें झालें म्हणजे त्यांत मासे सोडावे व ओलिताबरोबर चार पैसेहि मिळवावे, ही इच्छा शेतकऱ्यास होणें साहजिक आहे, व ती योग्यहि आहे. परंतु मासे सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत एके सकाळीं तळ्यावर जावें तों पांढरीं पोटें वर करून मासे तरंगत आहेत, असा अनुभव पुष्कळांस येतो. मग कोणी म्हणतो बीज खराब निघालें. कोणी म्हणतो दृष्ट लागली. कोणी म्हणतो शेजाऱ्यानें विष कालवलें. आम्ही स्वतः या तिसऱ्या वर्गांतले होतों. त्यांत आमच्या हातून काय अपराध घडला, व खरें कारण शेवटीं एका खाऱ्या पाण्याच्या काचटाकींत कसें सांपडलें, तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

आमच्या तळ्याची हकीकत

आमचें तळें तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असून तळास व चारी उतारांस पांचशें मायक्रॉन जाडीचें प्लॅस्टिक अंथरलेलें आहे. जुलैच्या आरंभीं विहिरीचें व पावसाचें पाणी मिळून तें निम्में भरलें. पाणी इतकें स्वच्छ कीं तळाच्या प्लॅस्टिकची घडी दिसे. असें निर्मळ पाणी पाहून आम्हांस समाधान वाटलें, आणि पाणी भरल्यापासून चौथ्या दिवशीं रोहू, कतला व मृगळ या जातींचीं बोटाएवढीं पिलें, ज्यांस बोटुकलीं म्हणतात, तीं दोन हजार आणून सोडलीं. रोज भाताचा कोंडा व शेंगदाण्याची ढेप हात सैल सोडून टाकूं लागलों. पिलें खात तितकें खात. उरलें तें तळाशीं बसे.

सतराव्या दिवशीं सकाळीं निम्म्याहून अधिक पिलें मेलेलीं दिसलीं. धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्यानें आदल्याच दिवशीं आपल्या पऱ्हाटीवर औषध फवारलें होतें, व वारा आमच्या बाजूस होता. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेलेली. हात आपोआप कागदाकडे गेला. दोन पंच बोलावून आम्हीं रीतसर पंचनामा लिहिला. मेलेलीं पिलें सुमारें अकराशें. कल्ल्यांचा रंग लाल नसून तपकिरी व काळपट. पाण्यांत पाणकिडे व बेडकाचीं पिलें जिवंत असून हालचाल करीत आहेत. पाण्यास उग्र वास नाहीं. इतकें सर्व बारकाईनें नमूद केलें. शेवटीं ‘संशयित कारण’ या सदरांत शेजाऱ्याच्या फवारणीचा उल्लेख केला, आणि तो कागद त्यास वाचून दाखविला. तो एवढेंच म्हणाला, “भाऊ, माझ्या हातून असें होणार नाहीं.” आम्हांस तें पटलें नाहीं. त्या दिवसापासून बोलणें बंद झालें. बैलजोडीची देवघेव थांबली. पुढच्या वैशाखांत त्याच्या मुलीच्या लग्नाच्या अक्षता घरीं आल्या, तरी आम्ही गेलों नाहीं.

माशांवांचून काचटाकी

यानंतर दोन वर्षांनीं नागपुरास भाच्याकडे जाण्याचा प्रसंग आला. त्यास समुद्रांतील मासे पाळण्याचा नाद लागला आहे. बैठकीच्या खोलींत तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी काचेची टाकी ठेवलेली. आंत वाळू, दगड, फिरणारें पाणी, वर दिवा. मासा मात्र एकहि नाहीं.

आम्हीं विचारलें, “मासे केव्हां आणणार?”

तो म्हणाला, “मामा, अजून महिना तरी नाहीं. टाकी पिकली नाहीं.”

पाणी पिकतें ही गोष्ट आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकली. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां समुद्र दारांतच होता. नागपुरास तो शेंकडों कोस दूर. सबब येथें समुद्राचें पाणी घरीं बनवावें लागतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सरासरीनें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांत खाण्याचें मीठ सुमारें तीन-चतुर्थांश, व बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादिकांचे क्षार. म्हणून घरचें मीठ विरघळविल्यानें समुद्र होत नाहीं. तयार मिश्रण विकत मिळतें तेंच घ्यावें लागतें. भाच्याच्या टाकींत सुमारें एकशें नव्वद लिटर पाणी मावे, त्यास पावणेसात किलोच्या जवळपास मिश्रण लागलें. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन जंतूंस मारक असल्यामुळें तें आधीं घालविलें होतें. उन्हाळ्यांत पाणी उडून जातें, पण मीठ उडत नाहीं; म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानें भरून काढावी, खाऱ्यानें भरल्यास टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते, असेंहि त्यानें सांगितलें. निचरा नसलेली ओलिताची जमीन खारवते ती याच हिशेबानें, हें वाचकांच्या ध्यानीं येईलच.

टाकीच्या कोपऱ्यांत जाळीच्या पिशवींत एक सोललेला झिंगा टांगलेला होता व तो कुजत होता. स्वच्छ पाण्यांत घाण कां ठेवली, असें विचारतां भाचा हंसला व त्यानें एक वही पुढें केली. आमच्याच वळणाची रोजकीर्द पाहून आम्हांस कौतुक वाटलें. काचनळींत थोडें पाणी घेऊन त्यांत औषधाचे थेंब टाकावे, रंग येईल तो छापील पट्टीशीं ताडावा, व आंकडा मांडावा, असा त्याचा क्रम होता. सदरें तीन: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. आंकडे दर लिटरास मिलिग्रॅमचे, म्हणजे दहा लाखांत इतके भाग.

त्या वहीचा पुढील भाग त्यानें मागाहून आम्हांस उतरून पाठविला. एकंदर हकीकत अशी. तिसऱ्या दिवशीं अमोनिया अर्धा झाला. आठव्या दिवशीं चारवर चढला. बाराव्या दिवशीं नायट्राइट प्रथम दिसलें. सोळाव्या दिवसापासून अमोनिया उतरूं लागला, व एकविसाव्या दिवशीं तो शून्य झाला. पण नायट्राइटचा रंग पट्टीच्या पलीकडे गेला. मग दोन आठवडे नायट्राइट जागचें हलेना. नंतर तें उतरत उतरत अडतिसाव्या दिवशीं शून्यावर आलें, व नायट्रेट मात्र भरपूर वाढलेलें राहिलें. तेव्हां त्यानें शेवटची परीक्षा घेतली. दर लिटरास दोन मिलिग्रॅम अमोनिया होईल इतका, म्हणजे त्या टाकीस सुमारें सवा ग्रॅम, शुद्ध नवसागर पाण्यांत घातला. (कल्हईवाला भांड्यास लावतो तोच हा पदार्थ, परंतु तो बाजारी नसून शुद्ध असावा.) चोवीस तासांनीं पाहतां अमोनिया शून्य व नायट्राइटहि शून्य. टाकी पिकली. मग निम्में पाणी बदलून नायट्रेट कमी केलें, आणि दोनच मासे आणून सोडले. पुढचे दोन तीन आठवड्यांनीं.

तीन पायऱ्या

मासा आपल्या अंगांतील नत्राचा मळ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत सोडतो. उरलेलें खाद्य व विष्ठा कुजून तोच अमोनिया होतो. नदींत किंवा समुद्रांत तो अपार पाण्यांत पसरतो. टाकींत कोंडलेल्या माशाच्या तो नाकाशींच राहतो, व तो विष आहे. निसर्गांत एका जातीचे सूक्ष्म जंतु या अमोनियाचें नायट्राइट करतात. नायट्राइटहि विषच. दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्रेट फार सांचल्यावांचून माशास बाधत नाहीं, आणि वनस्पतींचें तर तें अन्नच आहे.

हे जंतु पाण्यांत मोकळे फारसे राहत नाहींत. दगड, वाळू, चिखल, काडी यांच्या अंगास चिकटून राहतात. त्यांस हवा, म्हणजे प्राणवायु, भरपूर लागतो. एक ग्रॅम अमोनियारूपी नत्राचें नायट्रेट होण्यास सुमारें साडेचार ग्रॅम प्राणवायु खर्ची पडतो. आणि त्यांची वाढ अत्यंत मंद असते. साधे कुजविणारे जंतु अनुकूल स्थितींत अर्ध्या-एक तासांत दुप्पट होऊं शकतात. यांस त्याच कामास अर्धा दिवस, एक दिवस, केव्हां त्याहूनहि अधिक लागतो. शिवाय पहिल्या जातीनें नायट्राइट केल्यावांचून दुसरीस अन्नच नाहीं. म्हणून नव्या पाण्यांत चार ते सहा आठवडे जावे लागतात. या अवधींत मासा आंत असला तर तो प्रथम अमोनियाच्या व मग नायट्राइटच्या तावडींत सांपडतो. मासा आंत नसतां जंतूंस अमोनिया पुरवावा, एवढ्यासाठींच तो कुजका झिंगा.

शेतकऱ्यास ही गोष्ट अगदीं नवी नाहीं. ताजें शेण रोपाच्या मुळाशीं घातलें तर रोप करपतें. तेंच उकिरड्यांत मुरलें म्हणजे पिकास मानवतें. पाण्याचेंहि तसेंच. मुरलेलें तें पाणी पिकलें.

इतकेंच नव्हे, तर हे जंतु मुळांत शेताच्या मातींतच ओळखले गेले. १८७७ सालीं श्लेसिंग व म्युंट्स या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपविलें. वीस दिवस कांहीं फरक झाला नाहीं. मग खालून निघणाऱ्या पाण्यांत नायट्रेट दिसूं लागलें. नुसती रसायनक्रिया असती तर ती पहिल्याच दिवशीं व्हावयास हवी होती. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच काम बंद पडलें. पुढें बागेच्या मातीचें धुवण ओततांच तें पुन्हां सुरू झालें. यावरून हें जिवंत जंतूंचें काम आहे असें ठरलें. ते वीस दिवस आणि भाच्याच्या वहींतले अडतीस दिवस, दोन्ही एकाच जातीची वाट पाहणें होय. इंग्लंडांत रॉथॅम्स्टेड येथील शेतकी संशोधनशाळेंत रॉबर्ट वॉरिंग्टन यानें याच विषयावर पुढें अनेक वर्षें काम केलें, व १८९० सालीं विनोग्राड्स्की यानें हे जंतु वेगळे काढून दाखविले. मौज अशी कीं, वॉरिंग्टनचा पिता, ज्याचें नांवहि रॉबर्टच, यानें १८५० च्या सुमारास लंडनमध्यें काचेच्या भांड्यांत सोनेरी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलतां ते जगतात, हें दाखविलें होतें. पित्याची काचटाकी व पुत्राचें शेत यांचा धागा एकच निघाला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचें सारें काम एकटाच करणारा जंतुहि आहे, असें २०१५ सालीं उघडकीस आलें. आपण शेतांत युरिया टाकतों त्याचा आधीं अमोनिया व मग नायट्रेट होतें, तें यांच्याच श्रमानें.

पंचनाम्यानें दिलेली साक्ष

भाच्यानें बोलण्याच्या ओघांत एक गोष्ट सांगितली. समुद्राच्या माशास नायट्राइट त्या मानानें कमी बाधतें, कारण समुद्रांत मिठांतला क्लोराइड विपुल असतो व तो नायट्राइटला कल्ल्यांतून आंत शिरूं देत नाहीं. गोड्या पाण्याच्या माशास हें कवच नाहीं. त्याच्या रक्तांत नायट्राइट शिरतें, रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति जाते, आणि रक्त तपकिरी होतें. कल्लेहि तपकिरी दिसतात.

हें ऐकतांच आम्हांस आमचा पंचनामा आठवला. घरीं येऊन दप्तर उघडलें. आमच्याच अक्षरांत लिहिलेलें होतें: कल्ले तपकिरी, पाणकिडे जिवंत. पऱ्हाटीवरील किडे मारणारें औषध तळ्यांत मासे मरण्याइतकें उतरलें असतें, तर पाणकिडे जिवंत कसे राहते? कागद खरें सांगत होता. आम्हीं ‘संशयित कारण’ तेवढें खोटें लिहिलें होतें. विष आमच्याच हातच्या ढेपेचें होतें.

वाचकांच्या उपयोगासाठीं मासे मरण्याच्या तीन लक्षणांचा भेद येथें देतों. पहाटे मासे पृष्ठभागीं येऊन तोंड उघडीत असले व ऊन वर आल्यावर सांवरत असले, तर पाण्यांतील प्राणवायु कमी पडला असें समजावें. कल्ले तपकिरी असून मासे सुस्त झाले असले, तर नायट्राइटचा संशय धरावा. मासे, पाणकिडे, झिंगे सर्व एकदम मेले, तर विषाचा विचार करावा. आणि तोहि पाणी तपासून, शेजाऱ्याचें नांव घेण्यापूर्वीं.

प्लॅस्टिकचें तळें म्हणजे मोठी काचटाकी

आमच्या भागांतील जुन्या तलावांत हा प्रकार सहसा होत नाहीं, याचें कारणहि आतां उघड होतें. नागपूर, भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या बाजूचे मालगुजारी तलाव पहावे. त्यांतील पुष्कळ कोहळी लोकांनीं बांधलेले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तरी तलाव राहिले, व धीवर त्यांत मासे धरीत आले. त्यांच्या तळाशीं पिढ्यान् पिढ्यांचा गाळ आहे, कडेस गवत व कमळवेल आहे. त्या सर्वांस जंतु चिकटलेले आहेत, व हिरवें शेवाळहि अमोनिया ओढून घेतें. मातीच्या नव्या तळ्यासहि तळची माती साह्य करते. परंतु प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यास माती नाहीं, गाळ नाहीं, काडी नाहीं. तें काचेच्या नव्या टाकीसारखेंच आहे. त्याचें पाणी निर्मळ दिसतें, तें त्यांत अजून कोणी राहावयास आलें नाहीं म्हणून.

आणखी एक धोका ध्यानांत ठेवावा. पाण्यांतला अमोनिया दोन रूपांनीं असतो. एक सौम्य व दुसरें जहाल. पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हें सामू या मापानें सांगतात. पाण्याची उष्णता पंचवीस अंश धरली, तर सामू सात असतां शंभर भाग अमोनियांत जहाल भाग जेमतेम अर्धा असतो; आठ असतां पांचाच्या वर; नऊ असतां सुमारें छत्तीस. समुद्राचा सामू आठाच्या वर असतो, म्हणून खाऱ्या टाकीचे लोक इतके जपतात. आपल्या तळ्याचें पाणी दाट हिरवें झालें म्हणजे भर दुपारीं सामू नऊवर जाऊं शकतो. उष्णता वाढली तर जहाल भाग आणखी वाढतो. यास्तव मासे बेचैन असतांना तळ्यांत चुना टाकूं नये. चुन्यानें सामू चढून दुखणें वाढतें.

तळें पिकविण्याची रीत

आम्हीं पुढच्या वर्षीं जी रीत धरली ती क्रमानें देतों.

१. मासे सोडण्याच्या दिवसापूर्वीं निदान पांच आठवडे तळ्यांत पाणी असावें. श्रावणांत बीज आणावयाचें तर ज्येष्ठांतच विहिरीवरून थोडें तरी पाणी घ्यावें.

२. प्लॅस्टिकच्या तळाशीं खडे वेंचून काढलेल्या मातीचा एक वीत थर द्यावा. ज्या शेतांत अलीकडे औषध पडलें आहे तेथील माती घेऊं नये.

३. जंतूंस बसावयास जागा करून द्यावी. बांबूचे बोथट केलेले तुकडे किंवा काथ्याच्या चटया पाण्यांत टांगाव्या. प्लॅस्टिक फाटेल असें कांहीं टाकूं नये.

४. विरजण लावावें. ज्या जुन्या तलावांत मासे निरोगी आहेत, तेथील गाळाचा वरचा थर तीन-चार घमेलीं आणून ओला असतांनाच पसरावा. दुधास विरजण लावल्यावांचून दहीं लागत नाहीं, तद्वत् हें आहे. मात्र रोग पडलेल्या तलावांतील गाळ आणूं नये, व गाळांत मरळीचीं पिलें आलीं नाहींत हें पाहावें.

५. जंतूंस अन्न द्यावें. मत्स्यशेतींत हेक्टरी वर्षास सुमारें दहा हजार किलो शेण देण्याचा प्रघात आहे. त्याचा पांचवा हिस्सा आरंभीं धरला, तर आमच्या नऊशें चौरस मीटर तळ्यास एकशें ऐंशी किलो होतें. तें पोत्यांत भरून कडेस बुडवावें. सामू सातापेक्षां कमी असेल तरच चुना द्यावा, व तो शेणाच्या आधीं आठवडाभर.

६. आठवड्यांतून दोनदां अमोनिया व नायट्राइट तपासावें. काचटाक्यांचें सामान विकणाऱ्या दुकानांत तपासणीची पेटी मिळते. गोड्या पाण्यास चालणारी मागून घ्यावी. अमोनिया चढून उतरला, नायट्राइट चढून उतरलें, दोन्ही शून्याजवळ आलीं, म्हणजे तळें पिकलें. पाण्यास फिकट हिरवा रंग येणें हेंहि सुचिन्ह आहे, परंतु केवळ रंगावर विसंबूं नये.

७. मासे थोडे थोडे सोडावे. हेक्टरी पांच हजारांच्या हिशेबानें आमच्या तळ्यास साडेचारशें बोटुकलीं पुरेशीं होतीं. आम्हीं दोन हजार सोडलीं होतीं. यंदा प्रथम शंभर, व दहा दिवसांनीं तपासणी करून बाकीचीं, असें केलें. माशांची संख्या एकदम वाढली तर जंतूंचें बळ अपुरें पडतें.

८. खाद्य माशांच्या एकंदर वजनाच्या शेंकडा दोन-तीन भागांपेक्षां अधिक नसावें. तें ताटलींत ठेवून टांगावें, व उरलें तर दुसऱ्या दिवशीं कमी करावें.

९. पिकलेलें तळें एकदम रिकामें करून धुवूं नये. धुण्यानें जंतु जातात व पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. ओलितास पाणी काढलें तरी तळाशीं हात-दीड हात राखावें.

मातीच्या जुन्या तलावांत मरळ, शिंगी असे पिलें खाणारे मासे असले, तर मोहाची ढेप घालून ते मारण्याची रीत आहे. एक हेक्टर तलावांत सरासरी एक मीटर पाणी असतां अडीच हजार किलो. तिचें विष उतरण्यास दोन-तीन आठवडे लागतात व पुढें तिचें खत होतें. येथेंहि वाट पाहणें आलेंच.

इतकें करूनहि पिलें आंत असतांना नायट्राइट चढलें, तर खाद्य तत्काळ बंद करावें, शक्य तितकें ताजें पाणी घ्यावें, आणि हजार घनमीटर पाण्यास शंभर किलो साधें मीठ विरघळवून सर्वत्र शिंपडावें. समुद्रांतील माशाचें जें कवच, तेंच थोडेंसें आपल्या माशास दिल्यासारखें होतें. इतक्या अल्प मिठानें ओलितास बाधा येत नाहीं.

उपसंहार

या रीतीनें पिकविलेल्या आमच्या तळ्यांत यंदा साडेचारशेंपैकीं फारच थोडीं पिलें दगावलीं. परंतु त्याआधीं एक काम उरलें होतें. आम्ही तो पंचनामा हातीं घेऊन धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या घरीं गेलों, व ‘संशयित कारण’ या सदराखालील मजकूर त्याच्यासमक्ष खोडून खालीं सही केली. त्यानें बसावयास घोंगडी टाकली, चहा मागविला. कागद वाचून झाल्यावर म्हणाला, “भाऊ, मासे पुन्हां सोडतां येतात. पोरीचें लग्न पुन्हां होत नाहीं.” त्यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, व आजहि नाहीं. बैलजोडी मात्र पुन्हां दोन्ही शेतांत जाऊं लागली आहे.

शेतकरी बंधूंस आमचें सांगणें इतकेंच कीं, पांच आठवडे थांबण्यास पैसा लागत नाहीं. तपासणीची एक पेटी गांवांतील पांच-सहा तळ्यांनीं मिळून घेतली तरी पुरते. ज्यास एकट्यानें घेणें जड वाटेल, त्यानें शेजाऱ्यास भागीदार करावें. तळें पिकेल, आणि शेजारहि राहील.